वस्तीत गोवर निघाला आहे: फलकावर काय लिहावे आणि त्याआधी काय करावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या उपनगरातील तुमच्या वस्तीत गेल्या आठवड्यात दोन घरांतील मुलांना गोवर निघाला, मंडळाच्या वतीने जनजागृतीचे फलक लावायचे ठरले आहे, आणि त्यांवर काय लिहावे हे तुम्हाला हवे आहे. जाता जाता तुम्ही असेही सांगितले आहे की घरी सात महिन्यांचे बाळ आहे, थोरल्या चार वर्षांच्या मुलाला गोवराच्या लसीचा एकच डोस मिळाला आहे, आणि दोघांनाही काही दिवस गावी आजीकडे पाठवावे असे घरच्यांचे म्हणणे आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, अशाच दाट वस्तीत माझा दवाखाना आहे आणि लसीकरण सत्रांत माझे नेहमीचे जाणे-येणे असते. त्या अनुभवावरून सांगतो की तुम्ही जाता जाता सांगितलेला भाग फलकापेक्षा तातडीचा आहे, आणि वस्तीचा खरा प्रश्नही त्याच भागात दडलेला आहे.

आधी आजाराची चाल समजून घेऊ, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर ठरतात. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. कधी सातच दिवस, तर कधी एकवीस. पहिल्यांदा ताप, नाक वाहणे, कोरडा खोकला आणि लाल, पाणावलेले डोळे दिसतात. त्या तीन-चार दिवसांत गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके डॉक्टरांना दिसू शकतात, पण घरच्यांना हे साधे सर्दी-पडसेच वाटते. त्यानंतर कानामागून आणि कपाळावरून पुरळ उठते आणि चेहऱ्यावरून छाती, पोट, पाय असे खाली उतरते. आता अडचणीचा मुद्दा असा की मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत इतरांना आजार देत असते. म्हणजे ‘अमक्याकडे गोवर निघाला’ ही बातमी गल्लीत पोहोचते, तोपर्यंत ते मूल बालवाडीत बसलेले असते, सार्वजनिक नळावर आईच्या कडेवर गेलेले असते आणि कदाचित माझ्या दवाखान्याच्या बाकावरही खोकून गेलेले असते. हा विषाणू हवेतून पसरतो आणि बंद खोलीत रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत टिकू शकतो. ज्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही अशा दहा जणांचा रोग्याशी निकटचा संबंध आला, तर त्यांतील नऊ जणांना लागण होते.

म्हणून रोग्याला वेगळे ठेवणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने साथ थांबत नाही. वेगळे ठेवण्याची वेळ कळते तेव्हा आपण आधीच चार दिवस मागे पडलेले असतो. मास्क आणि हात धुणे यांचा थोडाफार उपयोग होतो, पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असतील तर ‘अंतर पाळा’ हे सांगणे मला स्वतःला अवघड वाटते. आजाराच्या पुढे जाऊन उभी राहू शकेल अशी एकच गोष्ट आपल्या हातात आहे, ती म्हणजे आजूबाजूच्या मुलांचे पूर्ण लसीकरण. पूर्ण म्हणजे दोन डोस. गोवर-रुबेला (गोवर आणि रुबेला या दोन पुरळाच्या आजारांवरची एकत्रित) लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर वर्षाच्या आत, आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. सरकारी सत्रात दोन्ही मोफत मिळतात. वेळ चुकली असेल तर पाच वर्षांपर्यंत राहिलेले डोस देता येतात, फक्त दोन डोसांत किमान चार आठवड्यांचे अंतर हवे.

दुसऱ्या डोसावर मी इतका भर का देतो, हे थोड्या हिशेबाने सांगतो, कारण तुमच्या वस्तीत हा वाद नक्की निघणार आहे. नऊ महिन्यांच्या वयात दिलेला पहिला डोस साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण देतो. उरलेल्यांत लस वाईट असते असे नाही. त्या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडे (विषाणूला निकामी करणारी प्रथिने, अँटीबॉडीज) बाळाच्या रक्तात शिल्लक असतात आणि ती लसीतला विषाणू रुजण्याआधीच निकामी करतात. दोन डोसांनंतर संरक्षण ९५ टक्क्यांच्या वर जाते. आता समजा, वस्तीत शंभर मुले आहेत, त्यांतील ऐंशींना एक डोस मिळाला आहे आणि वीस जणांना एकही नाही. लस न मिळालेले वीस आणि लस मिळूनही संरक्षण न मिळालेले बारा, अशी बत्तीस मुले आजाराला मोकळी आहेत. साथ आली की या बत्तीसांतील बारा जण ‘लस घेऊनही गोवर झालेले’ असतील, आणि कोणीतरी म्हणेल की आजारी पडलेल्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुलांनी लस घेतली होती, मग लसीचा उपयोग काय? त्याला हे सांगावे लागते की लस घेतलेल्या ऐंशींपैकी अडुसष्ट जण वाचले, आणि न घेतलेल्या वीसांपैकी कोणाच्याच वाचण्याची खात्री नव्हती. गोवर थोपवण्यासाठी वस्तीतील सुमारे ९५ टक्के लोकांकडे प्रतिकारशक्ती असावी लागते, आणि एका डोसाच्या बळावर तो आकडा कधीच गाठता येत नाही.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या परिसरात, आणि पुढे भिवंडी, मालेगाव इथे साथ पसरली, तेव्हा हेच चित्र दिसले. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली होती, पण त्यानंतर जन्मलेल्या मुलांना त्या मोहिमेचा लाभ मिळणे शक्यच नव्हते. त्यातच २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे सत्रे विस्कळीत झाली, कुटुंबे गावी गेली, परतली ती दुसऱ्याच पत्त्यावर. त्या काळातली बाळे अर्धवट लसीकरणासह मोठी होत गेली. साथ अचानक आल्यासारखी वाटते, पण तिची तयारी दोन-तीन वर्षे चाललेली असते.

आता तुमच्या घराकडे येतो. थोरल्याचा दुसरा डोस राहिला आहे, तर तो उद्याच द्या. सर्दी, किरकोळ खोकला, हलका जुलाब, अशक्तपणा यांपैकी काहीही लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. कुपोषित मुलाला तर ती अधिक गरजेची आहे, कारण गोवर त्यालाच सर्वांत महागात पडतो. रोग्याशी संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली, तर आजार टळण्याची किंवा सौम्य होण्याची शक्यता असते. तुमच्या बाबतीत ती वेळ बहुधा उलटून गेली असेल, तरीही लस द्यायचीच, कारण या दोन रोग्यांकडून लागण झाली नसेल तर दोन आठवड्यांनी येणाऱ्या पुढच्या फळीपासून ती मुलाला वाचवेल.

सात महिन्यांच्या बाळाचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. नेहमीच्या वेळापत्रकात त्याची वेळ अजून आलेली नाही. साथीच्या काळात मात्र सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला एक जादा डोस देता येतो. त्याला शून्य डोस म्हणतात. २०२२ च्या साथीत, ज्या भागांत नऊ महिन्यांखालील रुग्णांचे प्रमाण एकूण रुग्णांच्या दहा टक्क्यांहून अधिक होते, तिथे तो देण्याची सूचना केंद्र सरकारने केली होती. तुमच्या प्रभागात सध्या तसा निर्णय झाला आहे का, हे आरोग्य केंद्रात विचारा. झाला नसेल तर बाळाच्या डॉक्टरांशी बोला. हा डोस दिला तरी तो हिशेबात धरायचा नाही, नऊ महिन्यांचा आणि सोळा महिन्यांनंतरचा असे दोन्ही डोस पुढे द्यावेच लागतात. एवढ्या लहान बाळाचा रोग्याशी अगदी निकटचा संबंध आला असेल, तर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन हाही एक मार्ग असतो, पण तो निर्णय रुग्णालयातच घ्यावा लागतो आणि त्यानंतर लस काही महिने पुढे ढकलावी लागते. स्तनपान चालूच ठेवा. घरात कोणी गरोदर असेल तर तिला ही लस देता येत नाही. तिने रोग्याच्या घरी जाऊ नये, आणि संबंध आला असेल तर प्रसूतितज्ज्ञांना लगेच सांगावे.

मुलांना गावी पाठवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सध्या पाठवू नका. त्यांना लागण झालेली असेल तर आज ती दिसणार नाही; ती गावी पोहोचल्यावर, कदाचित एखाद्या जत्रेत किंवा लग्नघरात, दिसेल. शहरातील साथ गावात जाण्याचा हा नेहमीचा रस्ता आहे. त्यात गावी गेलेले मूल इथल्या यादीतून सुटते आणि तिथल्या यादीत येत नाही.

ज्या दोन घरांत मुले आजारी आहेत, तिथे काय व्हावे, हेही सांगतो, कारण गोवराने होणारे मृत्यू बहुधा पुरळाने होत नाहीत, त्यामागून येणाऱ्या न्यूमोनियाने आणि जुलाबाने होतात. गोवराच्या विषाणूवर थेट औषध नाही. तापासाठी पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ, नेहमीचे जेवण, आणि जीवनसत्त्व ‘अ’ चे दोन डोस, एक निदानाच्या दिवशी आणि दुसरा दुसऱ्या दिवशी. सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिने एक लाख आणि एक वर्षापुढे दोन लाख युनिट, असे ते प्रमाण आहे. हा डोस आरोग्य केंद्रातूनच घ्यावा, अंदाजाने देऊ नये. त्याने डोळे वाचतात आणि आजाराची तीव्रता कमी होते. तरीही खाजगी दवाखान्यांत तो द्यायचा अनेकदा राहून जातो, म्हणून तुम्ही स्वतः विचारा. श्वास जलद झाला (दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक), छाती आत ओढली जाऊ लागली, मूल पीत नाही, गुंगीत आहे, झटका आला, बुबुळ धुरकट दिसते, किंवा पुरळ मावळू लागल्यावर ताप पुन्हा चढला, तर रुग्णालय गाठायचे, सकाळची वाट पाहायची नाही. आजार बरा झाल्यावरही काही आठवडे, कधी महिने, मुलाची इतर रोगांशी लढण्याची ताकद कमी झालेली असते. त्या काळात त्याच्या खाण्याकडे आणि वजनाकडे लक्ष हवे.

दवाखान्यात नेताना आधी फोन करावा. ताप आणि पुरळ असलेले मूल मी बाकावर बसू देत नाही, थेट आत घेतो किंवा सगळे रुग्ण संपल्यावर बोलावतो, आणि नंतर दार-खिडक्या उघड्या ठेवतो. आजारी मुलाची शाळा किंवा बालवाडी पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस पूर्ण बंद. काही ठिकाणी प्रशासन सात दिवस सांगते, तसे सांगितले असेल तर तेच पाळावे, थकलेल्या मुलाला ती विश्रांती मानवतेच. ताप आणि पुरळ असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद आरोग्य केंद्रात झाली पाहिजे. तिथून रक्ताची तपासणी होते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आसपासच्या घरांचे सर्वेक्षण सुरू होते.

आता घरातील वडीलधाऱ्यांचा विषय. तुम्ही लिहिले आहे की आजारी मुलाच्या आजी औषध द्यायला तयार नाहीत, कारण ‘गोवर आत दबेल’. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला आहे, घरात फोडणी बंद आहे आणि बाहेरच्यांना मज्जाव आहे. मी अशा घरात गेलो की डहाळ्याला हात लावत नाही. तो दारावर असला की शेजारच्या लेकुरवाळ्या बायका आपसूक लांब राहतात, आणि पाहुण्यांना मज्जाव ही तर आमचीच सूचना आहे. आजींना मी म्हणतो, ‘तुमचे पथ्य चालू ठेवा, फक्त बाळाच्या पोटात अन्न-पाणी जाऊ द्या आणि डोळ्यांसाठी हे दोन डोस द्या.’ फोडणीविना वरण-भात, पेज, ताक चालते. उपाशी ठेवणे चालत नाही. बंद, अंधारी खोली आणि घोंगडीत गुंडाळलेले तापाचे मूल हेही चालत नाही. पथ्यातला जो भाग साथ रोखायला मदत करतो त्याला मान दिला, तर उरलेल्या भागाबद्दल आजी ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे. त्यांची सुनेसमोर चेष्टा केली, तर ते घर आपल्याला पुन्हा दार उघडत नाही.

फलकाबद्दल बोलायचे तर ‘लस घ्या, गोवर टाळा’ अशा घोषणेने फारसे काही होत नाही, असे मला वाटते. लस असते हे बहुतेकांना ठाऊकच असते. ज्यांचा डोस राहिला आहे त्यांच्याशी सत्रात बोलताना जी कारणे पुन्हा पुन्हा ऐकू येतात ती अशी: आई सकाळी घरकामाला जाते आणि सत्र दुपारी संपते, भाड्याची खोली बदलली आणि नव्या गल्लीतली आशाताई ओळखीची नाही, कार्ड हरवले, आता ओरडा बसेल, मागच्या लसीला रात्रभर ताप आला होता. म्हणून फलकावर या अडचणींची उत्तरे हवीत. पुढच्या सत्राचा वार, वेळ आणि जागा, तीही ‘आरोग्य केंद्र’ अशी मोघम नको, अमुक गल्लीतील बालवाडी किंवा अमुक देवळामागचे सभागृह अशी. कार्ड नसले तरी या. भाड्याने राहणारे, नुकतेच आलेले, सगळे या. लस मोफत आहे. ताप आणि पुरळ दिसले तर अमुक आशाताईंना कळवा. एवढे मोठ्या अक्षरांत, आणि वस्तीत जेवढ्या भाषा वाचल्या जातात तेवढ्यांत. आजारी मुलांची नावे किंवा घरे कुठेही नकोत, फलकावरही नाही आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही नाही. एका कुटुंबाची बदनामी झाली की पुढची दहा घरे आजार लपवतात.

तापाचा मुद्दा मात्र फलकावर सुटणार नाही, तो समोरासमोर बोलावा लागतो. सोळा ते चोवीस महिन्यांच्या भेटीत गोवर-रुबेलाबरोबर डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील लसीचा) बूस्टरही देतात. त्याच रात्री येणारा ताप आणि दुखरी, सुजलेली जागा बहुधा डीपीटीमुळे असते, आणि दोष मात्र गोवराच्या लसीला जातो. गोवराच्या लसीचा ताप आलाच तर सात ते बारा दिवसांनी येतो, काहींना हलके पुरळही दिसते, आणि एक-दोन दिवसांत ते जाते. हे आधीच सांगितलेली आई घाबरत नाही. नंतर सांगितलेल्या आईला ते सारवासारव वाटते. लसीने वंध्यत्व येते ही अफवा तुमच्याकडेही येईल. तिला उत्तर देण्यासाठी डॉक्टरांपेक्षा, ज्यांनी स्वतःच्या नातवंडांना लस दिली आहे असे वस्तीतील मौलाना, पुजारी, बचतगटाच्या ताई किंवा शाळेच्या बाई अधिक उपयोगी पडतात.

फलकाचे पैसे आणि मंडळाची मुले हाताशी आहेतच, तर माझा आग्रह असा की आधी यादी करा. आरोग्य केंद्रातील नर्सताई आणि आशाताई यांना विचारून, त्यांच्या सोबतीने, पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि कार्डावरील दोन डोसांच्या तारखा लिहून घ्या. दाराला कुलूप असेल तर संध्याकाळी पुन्हा जा. ‘पाहुणी आली आहेत’ असे सांगितलेली मुले, बांधकामावरच्या पालांतील मुले, आणि ऊसतोडीला जाऊन परतलेल्या कुटुंबांची मुले वेगळी लिहा, कारण सरकारी यादीतून तीच गळतात. यादी आरोग्य केंद्राला द्या आणि रविवारी किंवा संध्याकाळी जादा सत्र मागा. मागणीसोबत नावे असली तर ते मिळण्याची शक्यता बरीच वाढते. लसीची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. म्हणून मुले एकाच वेळी आणण्याची जबाबदारी मंडळाने घेतली, तर सत्र घेणाऱ्या नर्सताईंचा मोठा भार हलका होतो.

सत्र झाले, दोन आठवडे नवीन रुग्ण आला नाही, की मंडळाचा उत्साह ओसरतो. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंतची सुप्तावस्था तीन आठवड्यांपर्यंत असू शकते, त्यामुळे शेवटच्या मुलाला पुरळ उठल्यापासून सहा आठवडे तरी यादी हातात ठेवा आणि ताप-पुरळाची चौकशी चालू ठेवा. आणि त्या यादीत जी बाळे आज नऊ महिन्यांची झालेली नाहीत, त्यांच्या नावापुढे नववा महिना पूर्ण होण्याची तारीख लिहून ठेवा. त्यांत तुमचे बाळही आहे.